दावीद ते यहोयाखीन: बायबलमधले राजे आणि मातीतला पुरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या करारातले दावीद, शलमोन, अहाब, हिज्कीया हे राजे खरोखर होऊन गेले का? कुणी म्हणतं पुरातत्त्वाने सगळं सिद्ध केलंय, कुणी म्हणतं सगळ्या दंतकथा. खरं कुणाचं धरायचं?

कुणाचंच नको. या राजांचा निकाल एकगठ्ठा लावता येत नाही. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं उघडावं लागतं. इ.स.पू. नवव्या शतकाच्या मध्यापासून पुढचे बरेच राजे आज वादातीत आहेत, कारण त्यांच्या शत्रूंनी आणि त्यांच्याकडून खंडणी उकळणाऱ्यांनी त्यांची नावं लिहून ठेवली. दाविदाचं नाव येतं, पण त्याच्या मागून शंभर-दीडशे वर्षांनी आणि घराण्याचं नाव म्हणून. शलमोनाचं नाव त्या काळच्या एकाही लेखात नाही, दाविदाच्या आधीच्या शौल राजाचंही नाही. शिवाय नाव सापडलं म्हणजे त्याच्याबद्दलची गोष्टही खरी ठरली असं होत नाही, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. (मराठी बायबलातून आणि कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींच्या कीर्तनांतून ही नावं आपल्याकडे रुळलेली आहेत, म्हणून मी त्याच वळणाने लिहितो.)

आधी हे नववं शतक कुठून आलं ते पाहू. राज्यं दोन: दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम; उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन. दोन्हीकडचे दरबार लिहायचे ते मुख्यतः पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर. तिथल्या डोंगराळ, पावसाळी हवेत पपायरस टिकत नाही. मागे उरतात ते कागदाला बांधलेल्या दोरीवरचे मातीचे ठसे. दोन्ही राज्यांतल्या एकाही राजाचा स्वतःच्या नावाचा अखंड शिलालेख आजवर मिळालेला नाही. म्हणजे भिस्त शेजाऱ्यांवर. दहाव्या शतकात, जिथे दावीद-शलमोन बसवले जातात, मिसर (इजिप्त) दुबळा होता आणि अश्शूरच्या (आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याच्या) फौजा अजून भूमध्य समुद्राकडे नेमाने येऊ लागल्या नव्हत्या. नवव्या शतकात त्या येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर लेखनिकही आले. त्याआधीची शांतता ही बरीचशी शेजाऱ्यांच्या दप्तराची शांतता आहे. ती राजाच्या बाजूचा पुरावा नाही, तशी त्याच्या विरुद्धही नाही.

अश्शूरचं दप्तर कालगणनेसाठीही सोन्यासारखं आहे. ते प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव देत आणि त्या याद्या जपत. त्यातल्या एका वर्षी सूर्यग्रहणाची नोंद आहे. खगोलगणिताने ते ग्रहण इ.स.पू. ७६३ चं ठरतं, आणि मग मागची-पुढची वर्षं आपोआप जागेवर बसतात. या खुंटीवर इस्राएलचे राजे टांगून पाहता येतात. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा सांगतो की इ.स.पू. ८५३ मध्ये सीरियातल्या कर्करच्या लढाईत ‘इस्राएली अहाब’ त्याच्या विरोधात उभा होता. तोच पुढे सांगतो की ८४१ मध्ये इस्राएलचा राजा येहू याने त्याला खंडणी दिली. मध्ये १२ वर्षं. बायबल अहाब आणि येहू यांच्यामध्ये दोन राजे देतं, अहज्याची २ वर्षं आणि योरामाची १२. बेरीज १४, म्हणजे गोष्ट फसली असं वाटतं. पण राजाचं अपुरं वर्षही पूर्ण धरायची रीत होती; ती लावली की प्रत्येकी एक वर्ष गळतं आणि बरोबर १२ उरतात. असं कोष्टक जुळतं तेव्हा एक गोष्ट नक्की होते: बायबलातली ‘राजे’ ही पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या हाती कुठली तरी खरी जुनी राजवार यादी होती.

आता त्याच कर्करकडे दुसऱ्या बाजूने पाहा. शल्मनेसरच्या कुर्ख इथल्या शिळेवर बारा राजांच्या आघाडीची मोजदाद आहे. दमास्कसचा हददेजेर १,२०० रथ घेऊन आलाय, गिंदिबू नावाचा अरब १,००० उंट घेऊन, आणि अहाब २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन. दोन हजारांचा आकडा लेखनिकाने फुगवला किंवा चुकवला असं अनेकांना वाटतं आणि मलाही तो पचत नाही; पण निम्मा-पाव केला तरी अहाब आघाडीतला बडा भिडू ठरतो. शल्मनेसर विजयाच्या बाता मारतो, पण ८४९, ८४८ आणि ८४५ मध्ये त्याला पुन्हा त्याच आघाडीशी झुंजावं लागलं, यावरून विजय कितपत होता ते कळतं. अशी ही त्या शतकातली मोठी लढाई, आणि बायबलात तिचा एक शब्द नाही! तिथला अहाब म्हणजे ईजबेलचा नवरा, बआल या परक्या देवाचा भक्त, नाबोथाचा द्राक्षमळा गिळणारा. लेखकांना देवाशी निष्ठा एवढाच गुणांकन-तक्ता माहीत होता. त्यांनी अहाब रचला नाही. पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपल्या हिशेबाने ठरवलं.

त्याचा बाप अम्री हे याहून ठळक उदाहरण. बायबल त्याला जेमतेम सहा ओव्या देतं: शोमरोनची टेकडी दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदीला विकत घेतली, शहर वसवलं, पाप केलं, मेला. आणि बाहेरचं जग? मृत समुद्राच्या पूर्वेकडल्या मवाबचा राजा मेशा आपल्या शिळेवर लिहितो की अम्रीने मवाबला पुष्कळ दिवस गांजलं, कारण कमोश देव आपल्या देशावर रागावला होता. अश्शूरचे लेखनिक तर इस्राएलच्या राज्याला ‘अम्रीचं घराणं’ म्हणत, आणि ते घराणं संपल्यावरही शंभर वर्षं म्हणत राहिले. ज्या येहूने अम्रीच्या वंशाची कत्तल केली त्यालाच निमरूदच्या काळ्या स्तंभावर ‘अम्रीचा पुत्र येहू’ केलं आहे. त्या स्तंभावर तो, किंवा त्याचा वकील, शल्मनेसरच्या पायाशी नाक घासताना दिसतो. इस्राएलच्या कुठल्याही राजाचं समकालीन चित्र म्हणावं असं हे एवढंच. ही खंडणीही बायबल सांगत नाही.

मेशाच्या शिळेवरून थोडं आडवाटेला जातो, कारण ठसे घेणाऱ्या कुणालाही ही हकीकत विसरता येत नाही. १८६८ मध्ये क्लाइन नावाच्या मिशनऱ्याला ती जॉर्डनमधल्या धिबानला दिसली. क्लेर्माँ-गानो या फ्रेंच अभ्यासकाने ओल्या कागदाचा ठसा घ्यायला माणूस पाठवला. कागद दगडावर बसवून वाळत ठेवला आणि तेवढ्यात बेदुइनांची आपसात मारामारी जुंपली. ठसा घेणाऱ्याला भाल्याची जखम झाली, आणि त्याच्या सोबतच्या स्वाराने ओलाच कागद ओरबाडून तुकड्यांत पळवला. पुढे बेदुइनांनी शिळा तापवून, वर गार पाणी ओतून फोडली. आज लूव्र संग्रहालयात दिसते ती तुकडे सांधलेली शिळा, आणि हरवलेल्या ओळींसाठी आधार आहे तो त्याच फाटक्या कागदाचा. तिच्या ३१व्या ओळीत आंद्रे लमेर यांनी १९९४ मध्ये ‘दाविदाचं घराणं’ वाचलं. २०१९ मध्ये इस्राएल फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तिथे ‘बालाक’ हे नाव सुचवलं. अक्षरं इतकी झिजलेली आहेत की त्या ओळीवर मी दाविदाचं ओझं ठेवणार नाही.

ते ओझं पेलते तेल दानची शिळा. १९९३ मध्ये अव्राहम बिरान यांच्या उत्खननात, इस्राएलच्या उत्तर टोकाला, एका भिंतीत दगड म्हणून वापरलेला बसाल्टचा तुकडा तिरप्या उन्हात अक्षरं दाखवून गेला. पुढच्या वर्षी आणखी दोन तुकडे मिळाले. भाषा अरामी, काळ नववं शतक. लिहिणाऱ्या राजाचं नाव तुटलेल्या भागात गेलं, पण मजकुरावरून तो दमास्कसचा हजाएल असावा असं बहुतेकांचं मत आहे. त्यात ‘इस्राएलचा राजा’ आणि ‘दाविदाचं घराणं’ हे दोन उल्लेख शेजारी-शेजारी येतात. त्या काळी राज्याला मूळपुरुषाच्या नावाने ओळखायची पद्धतच होती, अम्रीचं घराणं हे त्यातलंच. म्हणजे नवव्या शतकातला परका आणि शत्रू असलेला राजा यहूदाच्या गादीला दाविदाची गादी म्हणतो. काहींनी त्या शब्दात गावाचं किंवा देवाचं नाव शोधून पाहिलं. मला ती ओढाताण वाटते. पण यातून मिळतं काय? दावीद नावाचा घराण्याचा संस्थापक, एवढंच. गल्याथ राक्षसाशी झुंज नाही, बथशेबाचं प्रेमप्रकरण नाही, राज्य केवढं होतं तेही नाही.

त्या शिळेची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. फुटलेली नावं भरली की लेख म्हणतो: इस्राएलचा यहोराम (वर आलेला योराम) आणि दाविदाच्या घराण्यातला अहज्या (वरच्याहून वेगळा, यहूदाचा राजा) या दोघांना मी मारलं. दुसरे राजे, अध्याय ९ म्हणतो: दोघांना येहूने मारलं, एकाच दिवशी उठाव करून. एक प्रेत, दावेदार दोन. येहूने दमास्कसच्या पाठिंब्यावर उठाव केला असेल, किंवा रणात जखमी झालेल्या योरामाचं श्रेय हजाएलने ढापलं असेल. आणि हजाएल काही सत्यवचनी नव्हे. शिळेवर तो आधीच्या राजाला ‘माझा बाप’ म्हणतो, तर अश्शूरचा लेख त्याला ‘कुणाचाही नसलेला पोर’ म्हणतो आणि त्याने गादी बळकावल्याचं नोंदवतो. बायबलातही तो आजारी धन्याच्या तोंडावर ओली चादर टाकून राजा होतो. दगडावर कोरलं म्हणून ते खरं होत नाही. दगडावर राजे जाहिरात करतात.

शलमोनाचा वाद हा सारा थर आणि खापरं यांचा वाद आहे. पहिले राजे ९:१५ म्हणतं की त्याने हासोर, मगिद्दो आणि गेजेर बांधली. १९५०च्या दशकात यिगाएल यादीन यांना हासोरला सहा खोल्यांचं वेशीचं बांधकाम मिळालं, मगिद्दोला तसंच आधी मिळालं होतं. मग त्यांनी गेजेरचा शतकाच्या सुरुवातीचा मॅकॅलिस्टरचा जुना आराखडा काढला, आणि ज्याला तिथे ‘मक्काबी वाडा’ म्हटलं होतं तो तशाच वेशीचा अर्धा भाग निघाला. एक ओवी आणि तीन वेशी. पुढची पिढीभर शलमोन इथे पक्का बसला.

१९९६ मध्ये फिंकेलस्टाइन यांनी तो हलवला. इज्रेल इथला वाडा अहाबाच्या घराण्याचा; तिथली खापरं आणि मगिद्दोच्या ‘शलमोनी’ थरातली खापरं सारखी; म्हणून मगिद्दोचा तो थरही नवव्या शतकातला, बांधणारे अम्री-अहाब. भांडण जेमतेम ५० ते ८० वर्षांचं आहे, आणि कार्बन-१४ला नेमकी एवढीच फट उघडायला जड जाते. शिवाय लाकूड तपासलं तर ते आधीच्या इमारतीतलं पुन्हा वापरलेलं असू शकतं, म्हणून आम्ही जळलेलं धान्य आणि जैतुनाच्या बिया मागतो. खिर्बेत कैयाफा या तटबंद गावच्या अशाच बियांनी काळ दिला तो इ.स.पू. १०००च्या आसपासचा, आणि योसेफ गार्फिंकेल यांनी ते यहूदाच्या आरंभीच्या राज्याचं ठाणं मानलं. दक्षिणेत तिम्ना इथे एरेझ बेन-योसेफ यांच्या कामाने तांब्याच्या भट्ट्या दहाव्या शतकात जोरात चालू होत्या हे दाखवलं; पण त्या बहुधा शेजारच्या अदोम राज्याच्या, ‘शलमोनाच्या खाणी’ हे नाव हौशी. यरुशलेमचा जो माथा खणायला हवा तिथे धर्मस्थळं उभी आहेत, तिथे कुणी खणणार नाही. तेव्हा माझं मत: दहाव्या शतकात यरुशलेमला एक राज्यकर्तं घराणं होतं हे मानायला आधार आहे, फरात नदीपर्यंतच्या साम्राज्याला नाही. मिसरचा शिशक, म्हणजे पहिला शेशोंक, शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या पाचव्या वर्षी आला असं बायबल म्हणतं. त्या स्वारीची गावांची यादी कर्नाकच्या भिंतीवर आहे आणि त्याच्या नावाचा शिळेचा तुकडा मगिद्दोला सापडला आहे. फक्त यादीच्या शाबूत भागात यरुशलेम नाही.

यहूदाचा राजा हिज्कीया याच्यापाशी मात्र हात राखून बोलायची गरज नाही. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर चालून आला, हे तीन बाजूंनी कळतं: बायबल, सन्हेरीबाच्या सहापैलू मातीच्या स्तंभावरची बखर आणि जमीन. सन्हेरीब म्हणतो, ४६ तटबंद शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, हिज्कीयाला यरुशलेममध्ये पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. ३० किक्कार सोनं आणि ८०० किक्कार चांदी मिळाली. बायबलही खंडणी सांगतं: ३० किक्कार सोनं आणि ३०० चांदी. सोनं जुळतं, चांदी नाही. आणि पाखराचं पुढे काय झालं? सन्हेरीब गप्प. शहर घेतलं असतं तर तो गप्प बसणारा गडी नव्हता. बायबल म्हणतं, परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले. वेढा का उठला हे जमीन सांगत नाही, पण शहर पडल्याचं दोन्ही वैऱ्यांपैकी एकही म्हणत नाही, तेव्हा ते पडलं नाही हे मानावंच लागतं.

आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात, सन्हेरीबाने दालनभर कोरून घेतलं ते यहूदातलं तटबंद शहर लाखीश, यरुशलेम नव्हे. त्या कोरीव पटांवर दगडमातीच्या उतारावरून धक्क्याचे गाडे तटाला भिडलेत, वरून पेटते पलिते पडताहेत, आणि गाड्यातला एक शिपाई लांब दांड्याच्या पळीने गाड्यावर पाणी ओतून आग विझवतोय. बाजूने बायकापोरं बैलगाड्या भरून निघालीत, काही माणसं सुळावर आहेत. खुद्द लाखीशला डेव्हिड उसिश्किन यांच्या उत्खननात शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला तो उतार निघाला, आणि तटाच्या आत बचाव करणाऱ्यांनी घाईने रचलेला प्रति-उतारही. शेकडो बाणांची टोकं, गोफणगुंडे, आणि जळक्या थरात ‘राजाचे’ असा शिक्का असलेले रांजण. हे रांजण हिज्कीयाच्या तयारीचे मानले जातात. यरुशलेममधला ५३३ मीटरचा पाण्याचा बोगदाही त्याच्याच नावावर जातो. दोन टोकांनी खणत आलेले कामगार एकमेकांच्या हाका ऐकून कसे भेटले याचा लेख तिथे १८८० मध्ये मिळाला. गंमत म्हणजे त्यात राजाचं नावच नाही. काळ ठरला तो गिलाव्यातल्या वनस्पतींच्या कार्बनवरून आणि छताच्या लवणस्तंभांवरून, साधारण इ.स.पू. ७००. राजाचं नाव एलात मझार यांच्या यरुशलेममधल्या ओफेल इथल्या खोदकामात मिळालेल्या सुमारे सेंटीमीटरभर मातीच्या ठशावर आहे: ‘आहाजाचा पुत्र, यहूदाचा राजा हिज्कीया’. मधोमध पंखांचं सूर्यबिंब आणि मिसरी जीवनचिन्ह. मूर्ती फोडणाऱ्या राजाच्या शिक्क्यावर मिसरी खुणा, हेही पाहून ठेवावं.

बाकीचे भराभर. मनहेम, पेकह, होशेय आणि आहाज हे अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याच्या लेखांत, योवाश अश्शूरच्याच अदाद-निरारीच्या शिळेवर, मनश्शे अश्शूरच्या खंडणीदारांच्या यादीत. बायबलाच्या लेखी मनश्शे सर्वांत नीच; जमिनीत मात्र त्याच्या काळात यहूदा पुन्हा सावरताना दिसतो. उलट बायबलाचा लाडका योशीया, त्याचं नाव बाहेर कुठेच नाही.

मला विचाराल तर सगळ्यांत बोलका पुरावा शिळेवर नाही, कोठाराच्या हिशेबात आहे. यहूदाचा राजा यहोयाखीन अठराव्या वर्षी गादीवर बसला, तीन महिन्यांत, इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर त्याला बाबेलला घेऊन गेला. कोल्डेवाईच्या उत्खननात बाबेलच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या निघाल्या, वाइडनर यांनी त्या १९३९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत तेलवाटपाची नोंद आहे: यहूदाचा राजा यहोयाखीन याला १० माप, राजाच्या पाच मुलांना मिळून अडीच माप. माप साधारण लिटरभराचं. पाटी ५९२ची, म्हणजे हा तेविशीतला कैदी पाच पोरांचा बाप. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या अगदी शेवटी त्याला नव्या राजाने मोकळं करून रोजचा शिधा बांधून दिला असं येतं, ते ५६१च्या सुमाराचं. शिधा त्याच्या तीस वर्षं आधीही मिळत होता, आणि कैदेतही कारकून त्याला ‘राजा’ लिहीत होता. या कारकुनाला कुणाची भलावण करायची नव्हती, तेलाचा ताळा जमवायचा होता. म्हणून त्याचं वजन.

शेवटी, अशा बातम्या वाचताना काय पाहावं. वस्तू थरातून आली की बाजारातून, हा पहिला प्रश्न. हिज्कीयाचे ठसे बाजारात आधीही होते, पण मोल आलं ते खोदकामातल्या ठशाला. देवळाच्या दुरुस्तीचं वर्णन करणारी यहोआश राजाची म्हणून एक पाटी २००३ मध्ये गाजली. तज्ज्ञांच्या समितीने बनावट ठरवली, खटल्यातले आरोपी २०१२ मध्ये पुराव्याअभावी सुटले, पण पाटी खरी असल्याचं न्यायालयाने म्हटलं नाही. शलमोनाच्या मंदिरातलं म्हणून संग्रहालयाने विकत घेतलेल्या हस्तिदंती डाळिंबावरची अक्षरं २००४ मध्ये नंतर कोरलेली ठरवली गेली. दुसरं, तुटलेल्या जागी कुणी काय भरलंय ते पाहा. भरलेली अक्षरं अभ्यासक चौकटी कंसांत दाखवतात, बातमीत ते कंस छापत नाहीत. २०१८ मध्ये ‘यशया संदेष्ट्याचा ठसा’ झळकला, तो खोदकामातलाच आहे, पण ‘संदेष्टा’ या शब्दाचं शेवटचं अक्षर त्यावर नाही, आणि त्याशिवाय ते नुसतं बापाचं किंवा गावाचं नावही असू शकतं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कुर्खची शिळा, काळा स्तंभ, लाखीशचे पट आणि सन्हेरीबाची बखर एकाच फेरीत होतात. मेशा पॅरिसला, बोगद्याचा लेख इस्तंबूलला, तेल दान यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये.